गुलाबी ज्वारी

नवऱ्याने मला पहिल्यांदा मारलं ते वरणातल्या खड्यावरून. लग्न होऊन महिना झाला नव्हता. तो जेवायला बसला होता, मी चुलीपुढे भाकरी थापत होते. कच्चकन आवाज आला. त्याने घास ताटात थुंकला, बोटाने खडा वेगळा काढला, मला दाखवला आणि तेच ताट उचलून माझ्या तोंडावर हाणलं. ताटाची कड भुवईवर बसली. डोळ्यात वरण गेलं की रक्त, ते मला बराच वेळ कळलं नाही. सासू म्हणाली, चूल विझत चालली, फुंकर घाल. मी फुंकर घातली.

दुसऱ्या दिवसापासून सासूने मला शिकवायला घेतलं. शेरभर तुरीच्या डाळीत ती अंगणातले खडे टाकायची. डाळीच्याच रंगाचे, डाळीएवढेच, मोजून पंचवीस. मग मला सूप द्यायची. मी खडे काढून दिले की ती मोजायची. जितके कमी भरले तितके चटके. उलथण्याचं टोक चुलीत धरायचं आणि माझ्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचं, तिथे बांगड्यांखाली दिसत नाही म्हणून. तिथे माझ्या हातावर पाच डाग आहेत. सहावा पडला नाही, कारण तोवर मी शिकले होते. तिला तिच्या सासूने असंच शिकवलं होतं म्हणे. हे सांगताना तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं नाही. लवकर शिकलं पाहिजे, एवढंच वाटलं.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. तिथलं बरंच विसरले. सूप विसरले नाही.

कालवलेलं वेगळं करायचं तर आधी हात लावायचा नसतो, बघायचं असतं. दोघांत फरक काय आहे ते शोधायचं. एक हलकं, एक जड असेल तर सुपाने पाखडायचं किंवा वाऱ्यावर उधळायचं. एक बारीक, एक मोठं असेल तर चाळणी घ्यायची. खडा आणि डाळ सारख्याच आकाराचे असले तर सूप घोळायचं, म्हणजे गोल फिरवत हलकेच हिसके द्यायचे. दाणे पुढे सरकतात, खडे मागे राहतात. तेही साधलं नाही तर पाण्यात रोळायचं, डाळ पाण्याबरोबर वर येऊन वाहते आणि खडा तळाशी बसतो. मळणी यंत्राचे लोखंडाचे तुकडे तुरीत आले तेव्हा मी मोडक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवलं होतं. एका लग्नात मिठाचं पोतं वाळूत फुटलं, तेव्हा मी ती वाळूच पाण्यात टाकायला लावली. मीठ विरघळलं, पाणी धोतरातून गाळलं आणि कढईत आटवलं. लोक बघत राहिले. यात बघण्यासारखं काही नव्हतं. फरक सापडला की काम झालं. फरक सापडला नाही तर एकच उपाय उरतो, डोळा आणि बोट. निवडायचं. एकेक दाणा.

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आसपासच्या गावांत लोक मला या कामासाठी बोलवायचे, अजूनही बोलवतात. माझ्या नवऱ्याच्या ताटात मात्र त्या वर्षानंतर खडा आला नाही. म्हणून त्याने मारायचं थांबवलं असं नाही. त्याला दुसरी कारणं सापडली. पुढे ट्रॉली उलटून तो तिच्याखाली गेला. मी रडले नाही. लोकांना ते खटकलं, पण तोंडावर कुणी बोललं नाही.

मला एकच मुलगा. दहावी शिकलेला, आता चाळिशीचा. त्याचं लग्न झालं, सून आली, दोन मुली झाल्या. सुनेला निवडायला मी शिकवलं आणि तेही प्रेमाने नाही. उलथणं तापवलं नाही, एवढंच. सुपाची कड मात्र तिच्या बोटांवर दोन-चार वेळा हाणली आहे. ती हात मागे घ्यायची आणि पुन्हा सुपाला लावायची. मला वाटायचं, ठीक चाललं आहे.

मुलगाही तिला मारायचा. लोक विचारतात, पितो का? नाही. थेंबाला शिवत नाही. पूर्ण शुद्धीत मारतो, आणि मारून झालं की हात धुतो.

गेल्या मृगाच्या आधीची गोष्ट. दुपारची वेळ. तो जेवत होता. मुली बाहेर खेळत होत्या. मी उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होते. कच्चकन आवाज आला. मी न बघता ओळखलं. तो आवाज मी चाळीस-पन्नास वर्षांनी पुन्हा ऐकला होता. मुलाने खडा ताटाच्या काठावर ठेवला. मग त्याने स्वतःच्या बुडाखालचा पाट ओढून काढला आणि उभा राहून तिच्यावर मारला. तिने डोकं वाचवायला उजवा हात वर केला. पाट मनगटावर बसला. बाभळीची वाळकी फांदी गुडघ्यावर मोडताना येतो तसा आवाज झाला. ती ओरडली नाही, खाली बसली. हात कोपरापुढे भलतीकडेच वळला होता.

मी तिला जीपने हिंगोलीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. कसं झालं, म्हणून त्याने विचारलं. ती म्हणाली, न्हाणीत घसरून पडले. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. त्याने तसं लिहून घेतलं आणि हाताला प्लास्टर केलं. मी माझ्या वेळी हेच उत्तर तीनदा दिलं होतं. आमच्या गावात बायका न्हाणीत फार घसरतात.

चार दिवसांनी मी मुलाला सांगितलं की तिचा हात गळ्यात आहे तोवर निवडणं-टिपणं मी करीन, आता ताटात खडा आला तर तो माझा. मला मारायचं. तो चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "तुमा दोघींला निवडायचीच हौस हाय न. थांब."

तो आतल्या खोलीत गेला. तिथे पत्र्याची कोठी आहे, वर्षाच्या खाण्याची ज्वारी तिच्यात असते. पोतंभराला थोडी कमी उरली होती. त्याने कोठी आडवी पाडली आणि सगळी ज्वारी जमिनीवर ओतली. मग एकरभर पेरायला आणलेली संकरित बियाण्याची पिशवी फोडली. त्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. कीड लागू नये म्हणून कंपनीच चोळून देते, आणि ओळखू यावं म्हणून त्याला गुलाबी रंग देते. त्याने पिशवी त्या ढिगावर उपडी केली आणि फावड्याने ढीग खालीवर केला. चांगला चार-पाच वेळा. पांढऱ्या ज्वारीत गुलाबी ज्वारी सगळीकडे गेली.

"निवडा," तो म्हणाला. "आता जन्मभर निवडून राहा."

हात धुतले आणि गेला. सिद्धेश्वर धरणाकडे एका बागायतदाराचं ट्रॅक्टर चालवायचं काम त्याने घेतलं होतं, दहा-बारा दिवसांचं.

आम्ही दोघी ढिगापुढे उभ्या राहिलो. सून म्हणाली, "आत्या, त्यांला माहीत नसंल. रंग समजून टाकलं असंल त्यांनी."

हे तिचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आमच्याकडची गडीमाणसं ते बियाणं उघड्या हाताने पेरतात आणि त्याच हाताने तंबाखू मळतात. विष हाय म्हटलं तर हसतात. रंग हाय तो, कापडाला देतात तसा, म्हणतात. पिशवीवर खाऊ नका म्हणून छापलेलं असतं, पण बारीक. मुलगा दहावी शिकलेला. त्याने ते वाचलं होतं की नव्हतं, हे मला माहीत नव्हतं.

तिच्या भावाचा फोन रोज येत होता. हात मोडल्याचं त्याला कुणीतरी कळवलं होतं. मुलींना घेऊन निघून ये, मी जीप घेऊन येतो, असं तो म्हणत होता. ती आज-उद्या करत होती. त्या दुपारी ती मला म्हणाली, "माझा हात मोडला तर मोडला. पण लेकरांच्या खाण्यात इख टाकलं असंल तर मी ऱ्हात न्हाई. माहीत नसंल तर ऱ्हाते." असं सगळं त्या एका गोष्टीवर आलं. त्याला माहीत होतं की नव्हतं. मलाही ते हवं होतं. त्याला जन्म मी दिला आहे.

फेकून का दिली नाही, असं कुणी विचारेल. वर्षाचं खाणं फेकून द्या म्हणणारा सोपं बोलतो. आणि तो निवडा म्हणाला होता. मला त्याला निवडून दाखवायचं होतं.

मी आधी फरक शोधायला बसले. चाळणी लावली. दोन्ही दाणे सारखेच खाली गेले. दुसरी चाळणी लावली, दोन्ही सारखेच वर राहिले. सूप घोळलं. दोन्ही बरोबरच सरकले. मग पाखडलं, आणि ती माझी चूक झाली. सूप दोनदा उडवलं तोच गुलाबी भुकटी नाकातोंडात गेली. डोळे चुरचुरले, घसा आत पेटल्यासारखा झाला, तासभर खोकत पडले. तेव्हा कळलं की नुसते दाणे काढून भागणार नाही, भुकटी पांढऱ्या दाण्यांनाही लागली आहे. डोळा आणि बोट. आणि तोंडाला फडकं.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना गल्लीत खेळायला सोडून आले, तोवर सुनेने घोळ घातला होता. आमच्याकडे कोणतंही धान्य घ्या, शेवट पाण्यातच होतो. मीच तिला तसं शिकवलं होतं. कितीही निवडलं तरी रोळल्याशिवाय चुलीवर ठेवायचं नाही. तिने एका हाताने घमेलंभर ज्वारी बादलीत ओतून रोळायला घेतली होती. पाणी गुलाबी झालं होतं. आणि पाण्याने तो रंग सगळ्या दाण्यांना लावला होता. पांढरा कोणता आणि गुलाबी कोणता, ते आता देवालाही सांगता आलं नसतं. जो एकच फरक आमच्या हातात होता तो तिने धुऊन टाकला होता.

मी तिच्या कानाखाली मारली. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसरा हात बादलीत, आणि मी मारली. ती भिंतीवर गेली. कानातली फुली तुटून खाली पडली. माझा हात कसा उठला ते मला आठवत नाही. खाली आला ते आठवतं. माझ्या हाताला विचारावं लागलं नाही. त्याला ठाऊक होतं.

ती उठली, फुली शोधली, पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "आत्या, तुमी बी तसंच करता."

माफी आमच्या घरात कुणी कुणाला मागितलेली नाही, शब्द येत नाहीत. पण तिच्यावर त्यानंतर मी हात टाकला नाही, हेही खरं आहे.

बादलीतली ज्वारी गाळून मी मागच्या अंगणात पोत्यावर पसरली. पाणी टाकायला गेले आणि परत आले, एवढ्यात कोंबडी येऊन तिच्यात चोच मारून गेली. लाल तुरेवाली, अंडी देणारी. संध्याकाळपर्यंत तिची मान वाकडी झाली. ती स्वतःभोवती गोल गोल फिरली, पंख जमिनीवर आपटले आणि तोंडातून फेस आला. मोठी नात बघत होती. कोंबडी पाय ताणून मेली तेव्हा तिने मला विचारलं की आपली भाकर पण याच ज्वारीची का. मी म्हटलं, नाही. खड्डा खणून कोंबडी आणि ती सगळी ओली ज्वारी पुरली आणि वर दगड ठेवला. मुलींना सांगितलं, बापाला कोंबडीचं सांगायचं नाही. कोल्ह्याने नेली म्हणायचं.

रात्री भाकरी उसन्या पिठाच्या केल्या. जेवताना सून एकदाच बोलली. "तरी बी त्यांला माहीत नसंल."

मग आम्ही बसलो. पांढरं धोतर अंथरायचं, त्यावर मूठभर ज्वारी पसरायची, एका दाण्याचा थर होईल अशी. ती डाव्या हाताने, मी दोन्ही. गुलाबी दाणा उचलून डब्यात. मूठ संपली की धोतर झटकायचं, पुन्हा मूठ. बोटांची टोकं लाल झाली, कातडी सोलली. डोळे मिटले तरी आत गुलाबी ठिपके दिसायचे. दिवसाला दोघींची मिळून सहा-सात किलो व्हायची. कधी कधी ती मध्येच हुंदका द्यायची, पण बोटं थांबायची नाहीत.

शेजारीण रोज कुंपणावरून वाकून बघायची. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"मावशे, एवढी ज्वारी काहून निवडून राहिल्या? लगीन काढलं का घरात?"

"व्हय," मी म्हटलं. "तुहंच जमवून राहिले."

ती हसली, पण तिने ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने न मागता पायलीभर स्वच्छ ज्वारी आणून दिली आणि काही विचारलं नाही. तिचा नवराही तसलाच आहे.

बाराव्या दिवशी ढीग संपला. डबा काठोकाठ भरला होता. पिशवीत जेवढं होतं तेवढं नव्हतं, कारण काही पुरलं होतं. पांढरा ढीग मी दोनदा पुन्हा तपासला. दाणा राहिला नव्हता. तरी ती ज्वारी दळायची नाही हे मी मनाशी ठरवलं होतं. दाणे निघाले होते, भुकटीचं मी सांगू शकत नव्हते. ती पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवली.

तेराव्या दिवशी मुलगा आला. अंग धुतलं, पाटावर बसला. तोच पाट. काही विचारलं नाही. कोठीकडे एकदा बघितलं, एवढंच.

मी सुनेला आधीच सांगून ठेवलं होतं की आज जे होईल ते बघ आणि मध्ये बोलू नको. भाकरी मी केल्या होत्या, शेजारणीच्या ज्वारीच्या. हे मला आणि सुनेलाच माहीत होतं. दोन्ही मुलींना मी त्याच्या समोर जेवायला बसवलं. तिघांच्या ताटात भाकरी वाढल्या, झुणका वाढला. मग गुलाबी दाण्यांचा डबा आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"तू म्हणला व्हता निवडा. निवडली. ही भाकर त्याच ज्वारीची हाय. आता खाऊन सांग, समदे दाणे निघाले का न्हाई."

त्याने डब्याकडे बघितलं. भाकरीकडे बघितलं. बोटं भाकरीवर ठेवली आणि उचलून घेतली. मग ताट दोन बोटांनी पुढे सारलं.

"भूक न्हाई," तो म्हणाला.

तेरा दिवस ट्रॅक्टरवर राबून आलेला माणूस. भूक नाही.

मोठीने कोंबडी बघितली होती, तिचा हात ताटाकडे गेला नाही. धाकटी नात चार वर्षांची आहे. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि झुणक्याला लावला. मी त्याच्याकडे बघत होते. सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तीही त्याच्याकडेच बघत होती. पोरीने तुकडा तोंडात घातला आणि चावला. त्याने बघितलं. स्वतःचं ताट त्याने सारलं होतं. पोरीचं सारलं नाही. एक शब्द बोलला नाही. तिने दुसरा तुकडा मोडला. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

यापेक्षा जास्त काही बघायचं नव्हतं. बारा दिवस जे चाळणीने, सुपाने आणि पाण्याने झालं नव्हतं ते दोन घासांत झालं. त्याला माहीत होतं.

सून पुढे आली. धाकटीला डाव्या हाताने कडेवर घेतलं, मोठीला म्हणाली, चप्पल घाल. आवाज साधाच होता. ट्रंकेतून पिशवी काढली. ती भरलेलीच होती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो उठला आणि मागून तिचे केस धरले. ती मागे ओढली गेली, पोरगी कडेवरून निसटली आणि ताटावर पडली. त्याने केस मुठीला गुंडाळले, तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटायला मागे घेतलं.

मुसळ चुलीच्या बाजूला असतं. आता त्याने कुणी कांडत नाही, मिरची-मसाल्यापुरतं असतं. पण ते सागाचं आहे आणि टोकाला लोखंडी वसू, म्हणजे जाड कडं, आहे. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि केस धरलेल्या मनगटावर मारलं. जोर किती लावायचा याचा विचार केला नाही. म्हातारी आहे, पण जन्मभर सूप चालवलंय, खांदे धड आहेत. तोच आवाज आला, वाळक्या फांदीचा. मूठ उघडली. तो खाली बसला आणि माझ्याकडे बघू लागला. मारणारी दुसरीच कुणी असावी आणि मी नुसती तिथे उभी असावी, तसं बघत होता.

"माय," तो म्हणाला. बस, एवढंच.

मी मुसळ खाली ठेवलं नाही. सुनेच्या कपाळातून रक्त येत होतं. मोठी नात दारात चप्पल घालून उभी होती, तिने चप्पल उलटी घातली होती.

हिंगोलीला जायला त्या वेळी एकच जीप होती. म्हणून आम्ही सगळे तिच्यातच बसलो. मागच्या बाकावर एका टोकाला तो, एका टोकाला सून आणि मुली, मध्ये मी. त्याचा हात पदराच्या फडक्यात गुंडाळलेला, तिचा प्लास्टरमध्ये. ड्रायव्हर आरशातून बघत होता. "काय मावशी, दोघांचे बी हात? गाडीबिडी उलटली का?"

"तू जीप चालव," मी म्हटलं.

दवाखान्यात तोच तरुण डॉक्टर होता. त्याने सुनेला ओळखलं, प्लास्टर बघितलं, कपाळ बघितलं. मग मुलाच्या हाताकडे वळला आणि विचारलं, कसं झालं.

मुलगा म्हणाला, "न्हाणीत घसरून पडलो."

मला तेव्हा हसू आलं, ते मी लपवलं नाही. हे उत्तर आमच्या घरात बायकांचं होतं. आज पहिल्यांदा ते पुरुषाच्या तोंडी आलं होतं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मागच्यासारखंच. मी खिडकीकडे बघितलं नाही.

"पडला न्हाई," मी म्हटलं. "मुसळानं मारलं. म्या मारलं. तसं लिहा. आन् हिचा हात मोडला तवा ही बी पडली न्हवती. ह्यानं पाटानं मोडला. ते बी लिहा. मागच्या टायमाला मी खोटं ऐकून गप बसले, ते बी लिहायचं असंल तर लिहा."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मग ती डॉक्टरला म्हणाली, "आत्या खरं बोलून राहिल्या." आणि खाण्याच्या ज्वारीत बियाणं कसं कालवलं ते तिने सुरुवातीपासून सांगितलं. भाऊ संध्याकाळी आला. दवाखान्यातूनच ती मुलींना घेऊन त्याच्याबरोबर गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. पोलिसांनी मला जे विचारायचं ते विचारलं, मी जे खरं ते सांगितलं. एक त्याच्यावर आणि एक माझ्यावर, अशा दोन केस चालू आहेत. मी दोन्हीकडून साक्षीला जाते, त्याच्याविरुद्ध आणि माझ्याविरुद्ध.

पोत्यातली ज्वारी मी चुना टाकून पुरली. बारा दिवसांची निवड होती, हात जड झाला, पण पुरली. डब्यातले गुलाबी दाणे मात्र पेरले, कारण ते पेरायलाच आणले होते. उगवले.

मुलगा माझ्याच घरात आहे, जाणार कुठे? हात जुळला, पण नीट वळत नाही. माझ्या हातचं तो खात नाही. वेगळी चूल मांडली आहे, स्वतःच करतो, स्वतःच खातो. निवडायला त्याला कुणी कधी शिकवलं नाही. मी माझं जेवण उंबऱ्याशी घेऊन बसते, तो आत बसतो. दोन-चार दिवसांआड आतून कच्चकन आवाज येतो. मग थुंकल्याचा. मग बराच वेळ काही नाही. मी माझी भाकर खाते.